रोझालीची घळ

धम्मप्रिया गजभियेला एका जागी बसवत नाही, हे तिच्या घरच्यांना ती रांगायला लागल्यापासून ठाऊक होतं. अशा मुलीनं इतिहासासारखा बैठा विषय का घ्यावा, हे कोडं मात्र कुणाला सुटलं नव्हतं. पण तिनं त्यातूनही वाट काढली होती. बाकीचे इतिहासकार कागदांच्या खोक्यांपुढे मांडी ठोकून बसतात, ही बाई गाडी काढून माणसं शोधत हिंडते. हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात तासांवर शिकवून कंटाळली, तेव्हा तिनं दक्षिण सस्कॅचवानमधल्या एका नॅशनल पार्कचं काम धरलं आणि मे महिन्यात दोन बॅगा घेऊन कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये येऊन राहिली.

तिथे झाड औषधालाही नाही. नुसतं गवत, आणि त्या गवताला क्षणभर स्वस्थ बसू न देणारा वारा. वाऱ्याचं आणि धम्मप्रियाचं पहिल्याच दिवशी जमलं. पार्क होण्याआधी ही सगळी जमीन गुरांची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे कुंपणं नव्हती. मोठमोठ्या कंपन्या हजारोंनी गुरं मोकळ्या रानात सोडायच्या, गोळा करून डागायच्या आणि विकायच्या. या रँचवाल्यांचा इतिहास शोधायचा आणि पार्कात उभ्या करायच्या फलकांचा मजकूर लिहायचा, एवढं तिचं काम. फलक धातूचे होते. एकदा छापले की एक पिढी तरी ऊन-बर्फ खात उभे राहणार, त्यामुळे चुकीला माफी नव्हती.

त्यातला एक फलक १९०६-०७ च्या हिवाळ्याचा. तो हिवाळा त्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. बर्फ पडलं, मध्येच उबदार वारं सुटून वितळलं आणि पुन्हा गोठून त्याचा कडक पापुद्रा झाला. खालचं गवत गुरांना उकरता येईना. पापुद्र्याच्या कडांनी त्यांचे पाय सोलवटले. वाऱ्याकडे पाठ करून ती चालत राहिली आणि घळींमध्ये एकमेकांवर पडून मेली. कंपन्या बुडाल्या, मोकळ्या रानाचा जमाना संपला. आधीच्या सगळ्या लिखाणात एवढंच होतं आणि तिथेच पूर्णविराम होता.

धम्मप्रियाला त्या पूर्णविरामाच्या पुढे जायचं होतं. पहिल्याच मीटिंगमध्ये तिनं विचारलं, "मग मेलेली गुरं कुणी उचलली?"

तिची मॅनेजर शॅनन म्हणाली, "कोल्ह्या-लांडग्यांनी खाल्ली असतील. हे आजवर कुणी विचारलंच नाही."

विचारणार तरी कसं? ढोर मेलं की पुढचा प्रश्न कुणाच्या दाराशी येतो, हे ज्याच्या दाराशी आला त्यालाच माहीत असतं. गजभियांच्या दाराशी तो पिढ्यान्पिढ्या येत होता. धम्मप्रिया हे मीटिंगमध्ये बोलली नाही. ती कुठेच बोलत नसे.

उत्तर तिला मिळालं ते रस्ता विचारताना. पार्काशेजारी अजून गुरं पाळणारा वॉल्टर नावाचा म्हातारा म्हणाला, "रोझालीच्या घळीपाशी डावीकडे वळ." नकाशात त्या घळीला नुसता आकडा होता. ही रोझाली कोण, म्हटल्यावर त्यानं टोपी मागे सारली. "ते तू आयरीनला विचार. तिची आजी ती."

आयरीन देलोर्म गावातच राहायची. ऐंशी ओलांडलेली, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि अजूनही समोरच्याला वर्गात उभं केल्यासारखी बोलणारी. तिच्या घरची माणसं मेटी. म्हणजे जुन्या काळच्या फ्रेंच व्यापाऱ्यांची आणि इथल्या आदिवासी बायकांची लेकरं, ज्यांचा पुढे स्वतंत्र समाज झाला. तिनं कॉफी ओतली, बेरीचा केक कापून पुढे ठेवला आणि सांगायला लागली.

त्या वसंतात कंपनीची माणसं निघून गेली, घळीत गुरांच्या राशी तशाच टाकून. रोझाली विधवा होती, पदरात दोन मुली आणि एक तान्हा मुलगा, म्हणजे आयरीनचे वडील. तिनं घळीच्या तोंडाशी तंबू ठोकला. उन्हाच्या बाजूचं बर्फ आधी वितळायचं. जनावर मोकळं झालं की ते सडायला लागायच्या आत सोलून व्हायला हवं, म्हणून ती उन्हाच्या मागे मागे सरकत गेली. मुली नाकाला फडकी बांधून कातडी ओढायच्या. सगळा वसंत त्या तिघींनी तिथे काढला. त्या कातड्यांच्या जोरावर देलोर्म घराणं त्या जमिनीवर टिकलं, शेजारपाजारचे निम्मे लोक गाशा गुंडाळून गेले तरी.

"वास काही केल्या जात नव्हता म्हणे," आयरीन म्हणाली. "चर्चमध्ये या तिघी ज्या बाकावर बसायच्या तिथून लोक उठून दुसरीकडे जाऊन बसायचे."

हे ऐकलं आणि धम्मप्रियाला पुढे बसवेना. आपल्याला दुसरीकडे जायचंय असं काहीतरी पुटपुटत ती उठली, ताटलीतला केक अर्धा तसाच टाकून. आयरीनच्या हातातला कप हातातच राहिला.

फलकाचा मजकूर मात्र तिनं त्याच दिवशी झपाटल्यासारखा लिहून काढला. रोझाली देलोर्मचं नाव पहिल्याच ओळीत घातलं. शॅननला तो फार आवडला. धम्मप्रियाला इतका आनंद झाला होता की दर रविवारच्या फोनची वाट न बघता तिनं वडिलांना फोन लावला.

वडील म्हणजे रावसाहेब गजभिये. निवृत्त शिक्षक, बायको वारल्यापासून टोरांटोजवळच्या रिचमंड हिलमध्ये मुलाकडे, राकेशकडे राहणारे. तिथल्या आंबेडकर मंडळाचे ते आधारस्तंभ. दर जयंतीला त्यांचं भाषण ठरलेलं, आणि भाषणातली गोष्टही ठरलेली. भंडारा जिल्ह्यातलं त्यांचं गाव. छप्पन साली दीक्षा घेऊन आलेले त्यांचे वडील पाटलाच्या ओट्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, आजपासून तुमची मेलेली ढोरं आम्ही ओढणार नाही. मग गाव त्यांचं दळण बंद करतं, दुकान बंद करतं, आणि हे कुटुंब डोक्यावर गाठोडी घेऊन नागपूरची वाट धरतं. राकेशच्या मुलांना ही गोष्ट इंग्लिशमध्ये पाठ होती. सोडलं कसं, ते रावसाहेब छाती पुढे काढून सांगत. सोडण्याआधी ते काम घरात कोण करत होतं, कसं करत होतं, हे मात्र त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"जयभीम, बाबा. ऐका ना, एक जबरदस्त गोष्ट सापडलीय," म्हणून तिनं सगळं सांगितलं, चर्चसकट, आणि मजकूर मराठीत करून वाचून दाखवला.

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"त्या बाईच्या घरच्यांना विचारलं का तू?"

"तिच्या नातीनंच तर सांगितलं."

"सांगणं वेगळं आणि रस्त्यावर पाटी लावणं वेगळं, बेटा. घरात माणूस बोलते. उद्या त्यांचे नातू-पणतू तिथं फिरायला जातील, लोक बोट दाखवतील, हे ढोरं सोलणारीच्या घरचे. तुझं काय, तू काँट्रॅक्ट संपलं की निघून जाशील."

"बाबा, इकडे तसं नसतं."

"उठून दुसरीकडे बसत होते ना चर्चमध्ये? तूच सांगितलं आत्ता. मग काहून नसते?" चिडले की रावसाहेबांच्या बोलण्यात गाव उतरायचं. "माझ्या घराचं असं कुणी लिहून लावलं असतं तर मी ती पाटी उपटून फेकली असती. काढून टाक ते नाव. चांगल्या माणसांना उघडं पाडू नको."

धम्मप्रिया चाळिशीची झाली होती, तिच्या नावामागे डॉक्टरेट होती, तरी वडिलांचं ते वाक्य तिच्या काळजात रुतलं. त्यांचं काय चुकत होतं? आयरीननं 'नाव लिही' असं काही म्हटलं नव्हतं. तिला विचारावं म्हणून तिनं फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय विचारायचं? तुमच्या आजीची तुम्हाला लाज वाटते का? तो प्रश्नच शिवी दिल्यासारखा वाटला. ताकाला जाऊन भांडं लपवतात ते कसं, हे तिला त्या दिवशी कळलं. शेवटी तिनं नाव खोडलं आणि त्या जागी एक गुळगुळीत वाक्य घातलं, 'स्थानिक कुटुंबांनी मृत गुरांची कातडी गोळा केली.'

"तोच तर त्यातला सगळ्यात चांगला भाग होता," शॅनन म्हणाली.

"जागेत बसत नव्हता," धम्मप्रियानं ठोकून दिलं.

त्यानंतर तिच्या पायाला जी भिंगरी लागली ती थांबेना. बेसमेंटमध्ये बसली की छत अंगावर यायचं, बाहेर पडली की वारा. ती ग्रोसरीसाठी म्हणून निघायची आणि भलत्याच गावी पोचायची. नुकतीच धुतलेली गाडी पुन्हा धुवायची. दोनदा रोझालीच्या घळीत जाऊन आली. तिथे गवत, दगड आणि जमिनीत राहणाऱ्या खारींची बिळं, बाकी काही नव्हतं. आपण एका घराची अब्रू राखली, असं ती मनाला सांगायची. मन ऐकून घ्यायचं आणि पुन्हा तिथेच येऊन बसायचं. तिला स्वतःचाच राग येत होता आणि नेमका कशाबद्दल येतोय ते कळत नव्हतं, म्हणून तो ती सिग्नल नसलेल्या रस्त्यांवर काढत होती.

त्या पार्कची एक रीत होती. कुठलाही फलक छापायला जाण्याआधी त्याचा मजकूर तिथल्या जुन्या घराण्यांपुढे मोठ्यानं वाचून दाखवायचा. या लोकांच्या बापजाद्यांच्या जमिनी पार्कात गेल्या होत्या, काहींच्या मनात अजून अढी होती. निदान त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते त्यांनी आधी ऐकावं, असा हेतू. सोमवारी मजकूर छापायला जाणार होता. वाचन शनिवारी दुपारी, गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये ठरलं. कॉफीचं मोठं पिंप लागलं, बायकांनी घरून केक आणले.

धम्मप्रिया हॉलमध्ये शिरली आणि दारातच थांबली. पुढच्या रांगेत आयरीन बसली होती, निळा कोट, केस विंचरून चापून बसवलेले. एकटी नव्हती. शेजारी मुलगा आणि सून, त्यांच्यापलीकडे रिजायना शहरातून आलेली नातवंडं, आणि कुणाच्या तरी मांडीवर झोपलेलं तान्हं बाळ. सगळे लग्नाला आल्यासारखे नटून आले होते.

बाकीचे फलक वाचून झाले. वॉल्टरनं एका कुंपणाची दिशा दुरुस्त केली, कुणी एका घोड्याच्या रंगावरून हुज्जत घातली. मग हिवाळ्याचा फलक आला. बर्फ, पापुद्रा, घळी, स्थानिक कुटुंबं, असं सगळं धम्मप्रियानं एका दमात वाचून टाकलं आणि कागद खाली केला.

आयरीन अजून ऐकण्याच्याच तयारीत बसली होती. "पुढे?" ती म्हणाली.

"संपलं."

"माझी आजी कुठे गेली?"

धम्मप्रियानं शॅननकडे पाहिलं. जागेचं कारण तोंडाशी आलं होतं, पण ती समोरची माणसं बघून तिला ते काढवेना. "मला वाटलं, घरच्यांना आवडणार नाही," ती म्हणाली.

"घरचे हे काय इथे बसलेत. नाव ऐकायला यांना मी एवढ्या लांबून बोलावून घेतलं. आम्हाला आवडणार नाही असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही म्हणाला होतात, चर्चमध्ये लोक उठून जायचे."

"हो. आणि तेवढं ऐकून तूही उठून गेलीस." आयरीनचा आवाज चढला नव्हता, पण तिच्या शाळेत कधीकाळी शिकलेले सगळे ताठ बसले. "थांबली असतीस तर पुढचं सांगितलं असतं. पुढच्या रविवारी रोझाली सगळ्यात पहिल्या बाकावर जाऊन बसली. त्याच कपड्यांत. बसायचं त्यांनी बसावं, जायचं त्यांनी जावं. मरेपर्यंत ती त्याच बाकावर बसली, आणि आम्ही आजही तिथेच बसतो. आम्हाला तिची लाज कधीच वाटली नाही. मग तिचं नाव काढलंस, ती लाज कुणाची होती?"

धम्मप्रियानं कागद बाजूला ठेवला.

"माझ्या घरची," ती म्हणाली.

आणि मग, तिनं ठरवलं नसताना, ती बोलत गेली. आमच्याकडे हे काम जन्मावरून ठरायचं. मेलेलं ढोर ओढायचं ते आम्ही, आणि म्हणून शिवायचं नाही तेही आम्हालाच. माझ्या आजोबांनी ते सोडलं, म्हणून मी आज इथे उभी आहे. हे सगळं ती उभ्या आयुष्यात पहिल्यांदा परक्या लोकांसमोर बोलत होती, गुराख्यांच्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्यांसमोर.

आयरीननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मऊ वगैरे काही पडली नाही. "तुझ्या आजोबांनी सोडलं ते बरोबर केलं. त्यांच्या गळ्यात ते दुसऱ्यांनी बांधलं होतं. रोझालीच्या गळ्यात कुणी बांधलं नव्हतं, तिनं ते उचललं. तू दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यास, आणि मला विचारलं नाहीस. न विचारता आमच्यावर दया केलीस. ती आमच्यावर पुष्कळांनी करून झालीय." ती मागे टेकून बसली. "आता नाव घाल. होतं तिथे."

"पहिल्या ओळीत होतं," शॅनन म्हणाली. "जागा भरपूर आहे."

धम्मप्रियानं तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, पेननं नाव परत घातलं आणि मजकूर पुन्हा वाचला. वॉल्टरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. बाळ जागं झालं होतं, त्याला कुणीतरी उचलून उभं धरलं.

लोक पुन्हा केककडे वळले तशी ती बाहेर येऊन गाडीत बसली आणि रिचमंड हिलला फोन लावला. वाऱ्यानं गाडी हलत होती.

"नाव परत घातलं, बाबा."

"काहून?"

तिनं सांगितलं. आयरीन काय म्हणाली, आपण काय बोललो, सगळं. घराचं नाव चारचौघांत काढलं म्हणून ते भडकतील, या तयारीनंच ती बोलत होती. रावसाहेब शेवटी फक्त म्हणाले, "पहिल्या बाकावर बसली?"

"हो."

"त्याच कपड्यांत?"

"त्याच."

मग ते गप्प झाले. एरवी धम्मप्रियानं 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का' करून फोन ठेवला असता आणि गाडी सुरू केली असती. किल्ली हातातच होती. ती बसून राहिली.

"तुझे आजोबा बोलत छान होते," रावसाहेब म्हणाले. "पाटलासमोर उभे राहिले ते खरंच आहे, त्यात काही खोट नाही. पण त्यांना दमा होता. ढोराला त्यांचा हात कधी लागला नाही. काम आई करायची."

"कोणतं काम?" तिला कळलं होतं. तरी तिनं विचारलं.

"तेच. सोलायचं." त्यांनी घसा साफ केला. "भागरथाबाईचा हात म्हणून आजूबाजूच्या गावांत नाव होतं तिचं. अख्खं कातडं निघायचं, कुठं भोक नाही, चीर नाही. मी समोर बसून पाहत होतो. आई गेली तेव्हा शोकसभेत मी काय बोललो, आठवते तुला? मोलमजुरी करून आम्हाला वाढवलं. सगळे रडले. मी पण रडलो. मोलमजुरी तिनं केली, नागपूरला आल्यावर. पण तिला जे येत होतं, ज्यात तिच्यासारखं कुणी नव्हतं, ते मी तिच्या चितेबरोबर जाळून टाकलं. तुझ्या त्या बाईचं नाव तू पेननं खोडलं. मी माझ्या आईचं तोंडानं खोडलं."

धम्मप्रिया रडत होती आणि तिनं ते लपवलं नाही. पलीकडे राकेशच्या घरात कुठेतरी डिशवॉशर चालू होता, त्याची घरघर ऐकू येत होती.

"रडू नको," रावसाहेब म्हणाले, आणि मग त्यांच्या आवाजात एकदम ती जुनी, वर्गातली अधीरता आली. "मला एक सांग. बर्फात गोठलेलं ढोर म्हणते तू. आई मागच्या पायापासून सुरू करायची, आतल्या बाजूनं, म्हणजे पोटाकडं येताना सुरा घसरत नाही. पण पाय जर लाकडासारखा ताठ असला तर तसं जमणार नाही. मग त्या रोझालीबाई पहिला काप कुठून घेत होत्या?"

"मला नाही माहीत, बाबा."

"मग विचार ना कोणाला तरी. तू काय विचारायलाच गेली ना तिथं?"

"फोन ठेवू नका," ती म्हणाली आणि दार ढकलून गाडीतून उतरली. "आयरीनबाई आत आहेत अजून. तुम्हीच विचारा."